आयपीसमधून ‘काहीच दिसत नाही’ असं का होतं?

दुर्बिणीशेजारी सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मला काहीच दिसत नाहीये.’ रांगेत बराच वेळ थांबलेला माणूस आयपीसला डोळा लावतो, पाच-सहा सेकंद बघतो आणि संकोचून मागच्याला जागा देतो. काही जण तर न दिसताच ‘हो, दिसलं’ म्हणून टाकतात. यात बघणाऱ्याचा दोष जवळपास कधीच नसतो. त्याचा डोळा अंधाराला सरावलेला नसतो, किंवा काचेवर दव धरलेलं असतं, किंवा वस्तू मघाशीच दृष्टिक्षेत्राबाहेर सरकलेली असते, किंवा नेमकं काय दिसायला हवं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. खगोल मंडळाने आकाशदर्शन ठेवायचं ठरवलं की सगळं लक्ष दुर्बिणीवर जातं. खरं तर या चार गोष्टींची तजवीज आधी करायला हवी.

डोळ्याला द्यायचा अर्धा तास

उजेडातून अंधारात आलं की डोळ्याची बाहुली थोड्याच वेळात मोठी होते. तिचा व्यास २-३ मिमीवरून तरुण माणसात साधारण ७ मिमीपर्यंत जातो, वय वाढलं की ५ मिमीच्या आसपास थांबतो. पण यामुळे आत येणारा प्रकाश फार तर दहा-बारा पट वाढतो. अंधारात डोळ्याची संवेदनशीलता जी हजारो पटींनी वाढते ती डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींमुळे. त्यांच्यातलं रोडोप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. पहिल्या आठ-दहा मिनिटांत शंकूपेशींची, म्हणजे उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशींची, मजल संपते, मग दंडपेशी पुढे येतात आणि त्यांना पूर्ण तयार व्हायला ३० ते ४० मिनिटं लागतात. एवढ्यात कुणी फोनचा पांढरा पडदा उघडला की कमावलेलं बरंचसं काही सेकंदांत जातं आणि मोजणी पुन्हा सुरू होते.

लाल दिवा वापरायचा तो याचसाठी. दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला, म्हणजे सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीला, सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि गडद लाल प्रकाशाला जवळपास देतच नाहीत. पण इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. लाल दिवा कितीही प्रखर असला तरी चालतो असं नाही. टॉर्चवर लाल जिलेटिनचा एकच थर लावला तर पांढरा प्रकाश भरपूर गळतो. चार-पाच थर लावा, आणि नकाशावरची अक्षरं जेमतेम वाचता येतील इतकाच उजेड ठेवा. गाड्या आधीच बाहेरच्या दिशेने तोंड करून लावल्या तर लवकर निघणाऱ्याचे हेडलाइट मैदानावर फिरत नाहीत. दार उघडताच लागणारा आतला दिवा बंद करायला सगळे विसरतात, त्याची आठवण मैदानात शिरतानाच द्यावी.

डोळा सरावला तरी अंधुक वस्तू थेट रोखून पाहिली तर नाहीशी होते. आपण जिथे रोखून पाहतो त्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच, त्यांची दाटी मध्यापासून १५ ते २० अंश बाजूला असते. म्हणून नजर किंचित बाजूला ठेवायची आणि लक्ष मात्र वस्तूवर. कोणत्या बाजूला, हेही महत्त्वाचं आहे. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर वस्तूच्या थोडी उजवीकडे, डाव्या डोळ्याने बघत असाल तर डावीकडे, म्हणजे दोन्ही वेळा वस्तू नाकाच्या बाजूला राहिली पाहिजे. उलट केलंत तर वस्तूचं बिंब अंधबिंदूवर, म्हणजे पडद्यावरच्या काहीच न दिसणाऱ्या जागेवर, पडण्याचा धोका असतो. दुर्बीण बोटाने अगदी हलकी हलवली तरी अंधुक डाग पटकन लक्षात येतो, कारण अंधारात डोळ्याला स्थिर डागापेक्षा हलता डाग सोपा जातो.

किती पट मोठं दिसतं?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर सोपं आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरशापासून किंवा भिंगापासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसचं नाभीय अंतर. २०० मिमी व्यासाच्या आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉबसोनियन दुर्बीण, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घेऊ. २५ मिमीचा आयपीस लावला तर ४८ पट, १० मिमीचा लावला तर १२० पट. पण दुर्बिणीचं खरं बळ मोठं दाखवण्यात नसून प्रकाश गोळा करण्यात आहे. ७ मिमीच्या बाहुलीच्या तुलनेत २०० मिमीचा आरसा ८०० पटींहून अधिक प्रकाश पकडतो. पट वाढवली की तोच प्रकाश जास्त जागेत पसरतो, म्हणून तेजोमेघ आणि दीर्घिका कमी पटीत चांगल्या दिसतात, तर ग्रह आणि जोडतारे जास्त पटीत.

वरची मर्यादा ढोबळमानाने व्यासाच्या दुप्पट धरतात, म्हणजे २०० मिमीला ४०० पट. प्रत्यक्षात हवा बहुतेक रात्री २०० ते २५० पटींच्या पुढे जाऊच देत नाही. या व्यासाचा आरसा तत्त्वतः ०.६ विकलांइतके (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळचे दोन तारे वेगळे दाखवू शकतो, पण वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याचं बिंब अनेकदा २ विकलांपर्यंत पसरलेलं असतं.

ज्यांच्याकडे काहीच साधन नाही त्यांना आमचा सल्ला नेहमी एकच असतो: आधी १० × ५० ची द्विनेत्री. दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची, आणि डोळ्यात ५ मिमी रुंदीचा प्रकाशझोत सोडणारी. कृत्तिका पुंज अख्खा एका नजरेत घ्यायचा असेल तर मोठ्या दुर्बिणीपेक्षा हीच सरस ठरते. मात्र ती हातात थरथरते. आरामखुर्चीत रेलून, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवून पाहिलं की त्याच द्विनेत्रीतून आणखी कितीतरी तारे दिसू लागतात.

दोन वेगळ्या गोष्टी: स्वच्छ हवा आणि शांत हवा

आकाश स्वच्छ आहे म्हणजे सगळंच छान दिसेल, असं नसतं. पाऊस पडून गेल्यावर धूळ खाली बसते, आकाश काळंभोर होतं, दीर्घिका शोधायला उत्तम. पण त्याच रात्री वरच्या थरांत वारे जोरात असतील तर गुरूचे पट्टे उकळत्या पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसतात. उलट किंचित धुरकट, निवांत रात्री ग्रह कमालीचे स्थिर दिसतात. पारख सोपी आहे. डोक्यावरचा तेजस्वी तारा जोरात लुकलुकत असेल तर जास्त पटीचा हट्ट सोडा आणि तारकापुंजांकडे वळा.

ग्रह क्षितिजापासून ३० अंश उंचीवर असेल तर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या प्रकाशापेक्षा दुप्पट जाडीच्या हवेतून येतो. तो वर चढेपर्यंत थांबणं हाच उपाय. जमिनीजवळची हवाही तितकीच छळते. डांबर आणि काँक्रीट दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, म्हणून दुर्बीण गवतावर किंवा मातीवर मांडा आणि छपरांवरून ग्रह बघणं टाळा.

मांडणी, सूर्यास्ताच्या आधी

सगळं सामान सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचलेलं असावं. अंधारात स्क्रू शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

पहिलं काम शोधक दुर्बीण, म्हणजे वस्तू शोधायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, मुख्य दुर्बिणीशी जुळवण्याचं. किमान अर्धा किलोमीटर लांबचा खांब किंवा मनोऱ्याचं टोक २५ मिमीच्या आयपीसमध्ये मध्यभागी आणा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. नंतर १० मिमीच्या आयपीसने पुन्हा तपासा. जवळची वस्तू घेतली तर दोन्ही नळ्यांमधल्या अंतरामुळे जुळणी चुकते. हे काम करताना दुर्बीण सूर्याच्या आसपासही न्यायची नाही. वस्तू सापडतच नाही, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा न जुळलेला शोधक असतो, आणि अंधारात तो जुळवणं भलतंच किचकट जातं.

दुसरं काम आरसा थंड होऊ देण्याचं. घरातून किंवा गाडीतून आणलेला २०० मिमीचा आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला ३० ते ६० मिनिटं घेतो. तोवर त्याच्यावरून उबदार हवेचे लोट उठत राहतात आणि प्रतिमा मऊ दिसते. त्याला ‘फोकस होत नाही’ समजून लोक नॉब फिरवत बसतात.

आरसे एका रेषेत आहेत का हे पाहायला एक तेजस्वी तारा दृष्टिक्षेत्राच्या अगदी मध्यभागी घ्या, जास्त पट लावा आणि प्रतिमा थोडी फोकसबाहेर न्या. कडी एकात एक, समकेंद्री दिसली तर ठीक. मधला काळा ठिपका एका बाजूला झुकला असेल तर मुख्य आरशाच्या मागचे तीन स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवायचे आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यभागी आणायचा. मध्यभागी न आणताच पुढचा स्क्रू फिरवला की बिघाड वाढत जातो. गाडीतून प्रवास झालेल्या न्यूटनियन (म्हणजे अशा आरशांच्या) दुर्बिणीची ही तपासणी दर खेपेला करावी लागते.

मग दव. उघड्या आकाशाकडे तोंड करून असलेली काच आपली उष्णता सतत वर सोडते आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. तिचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाच्या, खाली गेलं की तिच्यावर पाणी धरतं. नळीच्या व्यासाच्या दीड ते दोन पट लांबीचं काळ्या फोमचं नळकांडं पुढे बसवलं की काचेला दिसणारं आकाश कमी होतं आणि दव पुष्कळ लांबतं. न्यूटनियनचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने सहसा वाचतो, पण शोधकाचं भिंग आणि आयपीस धूसर होतात. वापरात नसलेले आयपीस झाकण लावून खिशात ठेवावेत, अंगाच्या उबेने ते कोरडे राहतात. दव धरलंच तर रुमालाने पुसायचं नाही, त्यात चिकटलेले धूलिकण काचेवरच्या पातळ लेपावर ओरखडे काढतात. केस वाळवायच्या यंत्राची मंद, कोमट हवा लांबून सोडावी.

तारीख कशी निवडावी

दीर्घिका आणि तेजोमेघ पाहायचे असतील तर अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून रात्रीचा पहिला भाग अंधारा मिळू लागतो. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी मात्र शुक्ल अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडावा. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर सूर्यप्रकाश तिरपा पडतो, विवरांच्या कडांच्या सावल्या लांब होतात आणि खोली डोळ्यांना जाणवते. पौर्णिमेला ऊन सरळ पडतं, सावल्या उरत नाहीत आणि चंद्र सपाट ताटलीसारखा दिसतो.

रांग आणि आयपीस

मोटर नसलेल्या दुर्बिणीत आकाश दर मिनिटाला १५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतं. ५० अंश आभासी क्षेत्राचा (म्हणजे डोळ्याला ५० अंश रुंद वर्तुळ दिसेल असा) आयपीस १२० पटीत जेमतेम २५ कला आकाश दाखवतो. म्हणजे शनी मध्यभागी ठेवला तर ५० सेकंदांत बाहेर! दुर्बीण सांभाळणाऱ्याने वस्तू ज्या कडेने आत शिरते त्या कडेजवळ ठेवावी, म्हणजे बघणाऱ्याला अख्खी १०० सेकंदं मिळतात. दर माणसामागे पुन्हा बसवावी. आणि प्रत्येक जण दूर झाला की स्वतः एकदा डोकावून खात्री करावी.

बघणाऱ्याला तीन गोष्टी सांगायच्या. हात मागे बांधा, आयपीसला धरू नका. फोकसचा नॉब मात्र खुशाल फिरवा, कारण प्रत्येकाच्या डोळ्याचा नंबर वेगळा असतो. लांबचा किंवा जवळचा नंबर फोकसने भरून निघतो, म्हणून चष्मा काढला तरी चालतो, पण सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवावा आणि आयपीसची रबरी कड खाली दुमडावी. मुलांना धरायला दांडा असलेलं स्टूल द्या, नाहीतर ती तोल सावरायला दुर्बिणीलाच धरतात.

चौथी गोष्ट आमच्या मते सगळ्यात मोलाची: काय दिसणार आहे ते आधीच सांगणं. छायाचित्रांतले लाल-निळे तेजोमेघ पाहून आलेल्या माणसाला देवयानी दीर्घिका म्हणजे राखाडी, लांबट धुक्याचा डाग दिसतो. एवढ्या मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत, हे कारण सांगितलं की निराशा कमी होते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे हे डोळा आयपीसला असतानाच सांगावं. रंगच दाखवायचा असेल तर हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा लावा. एक सोनेरी, दुसरा निळसर, ३४ विकलांच्या अंतरावर. ५० पटीत दोन्ही सुटे दिसतात आणि सहसा कुणी रिकाम्या डोळ्यांनी परतत नाही.

बघण्याकडून मोजण्याकडे

चार-सहा महिने हे सगळं दाखवून झालं की मंडळातले उत्साही लोक ‘पुढे काय?’ विचारू लागतात. महागडी दुर्बीण घेण्याआधी रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची तेजस्विता मोजायला लागा. नुसत्या डोळ्यांनी होणारं हे खरंखुरं काम आहे. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून अशा नोंदी गोळा करते आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्या वापरतात.

ताऱ्यांच्या प्रती, म्हणजे तेजस्वितेचे आकडे, उलट्या चालतात, आकडा मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत बरोबर १०० पट, म्हणून एका प्रतीचा फरक सुमारे २.५ पट. ययाती तारकासमूहातला अल्गोल सुरुवातीला उत्तम. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद साथीदार त्याच्या आड येतो आणि प्रत २.१ वरून ३.४ वर घसरते. उतरण आणि चढण मिळून साधारण १० तास. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या आकाशनिरीक्षकाने ही आवर्तनं मोजली आणि आड येणाऱ्या पिंडाची कल्पना मांडली, तेव्हा तो विशीतही पोचलेला नव्हता.

पद्धत अशी. ज्यांची प्रत पक्की माहीत आहे असे दोन तारे निवडायचे, एक अल्गोलपेक्षा थोडा तेजस्वी, दुसरा थोडा मंद. देवयानीतला अल्माक २.१, ययातीतले एप्सिलॉन २.९, डेल्टा ३.० आणि कॅपा ३.८. अल्गोल डेल्टा आणि कॅपाच्या बरोबर मधोमध वाटला तर ३.४. अल्माककडून एप्सिलॉनकडे जाताना पाव वाटेवर वाटला तर २.३. झालं, ही एक नोंद. तारीख, वेळ, प्रत, तुलनेचे तारे आणि आकाशाची स्थिती लगेच लिहायची. न्यूनतम तेजाच्या आसपास दर १५ मिनिटांनी एक नोंद घेतली तर आलेखात खड्डा स्पष्ट उमटतो.

इथे नवखे तीन ठिकाणी अडखळतात. अल्गोलच्या शेजारचा ऱ्हो ययाती तुलनेला सोयीचा वाटतो, पण तो स्वतःच रूपविकारी आहे. तारा क्षितिजापासून २० अंशांच्या खाली गेला की हवा त्याचं तेज खाते, तेव्हा तुलनेचे तारेही तितक्याच उंचीवरचे हवेत. आणि एकाने आकडा मोठ्याने सांगितला की बाकीचे नकळत त्याच्याच जवळ जातात. म्हणून प्रत्येकाने गुपचूप लिहायचं आणि वह्या शेवटी जुळवायच्या. अनुभवी माणसांतही ०.१ ते ०.२ चा फरक राहतो आणि तो राहू द्यावा. ‘काल इतकी होती म्हणून आज इतकी असणार’ हा विचार ज्याने दूर ठेवला त्याची नोंद उपयोगाची.

लाल ताऱ्यांना आणखी एक खोड असते. रोखून पाहत राहिलं तर ते वाढत्या तेजाने दिसू लागतात, म्हणून झटकन एक नजर टाकायची आणि हटवायची. मृगातला काक्षी असाच. तो एरवी ०.५ च्या आसपास असतो. २०१९ च्या अखेरीस तो उतरू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ च्या जवळ, म्हणजे मृगाच्याच दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सइतका मंद झाला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या पदार्थाची धूळ होऊन ती आड आली, असं नंतरच्या अभ्यासातून पुढे आलं. प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९ आणि बेलाट्रिक्स १.६ एवढे तीन तारे ओळखणाऱ्या कुणालाही ती घसरण अंगणातून मोजता आली असती, आणि अनेकांनी मोजलीही.

‘ताशी १००’ म्हणजे किती?

ऑगस्टमध्ये १२-१३ तारखेच्या ययाती उल्कावर्षावाबद्दल ‘ताशी १०० उल्का’ वाचून लोक येतात आणि वीस पाहून हिरमुसतात. तो आकडा एका आदर्श परिस्थितीचा असतो: उगमबिंदू (उल्का आकाशात ज्या बिंदूपासून येताना भासतात तो) डोक्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतील इतकं काळं आकाश. उगमबिंदू ३० अंशांवर असेल तर संख्या निम्मी होते. आकाश ५.५ प्रतीपर्यंतच असेल तर या वर्षावासाठी आणखी २.२ ने भागायचं. १०० चे उरतात साधारण २३. आमंत्रणातच हा हिशेब छापलेला बरा.

मोजताना आडवं पडून, नजर साधारण ४५ अंश उंचीवर ठेवावी. प्रत्येकाची मोजणी वेगळी हवी. दहा जणांची मिळून केलेली बेरीज कशाशीही ताडून पाहता येत नाही. उल्केची रेघ मनातल्या मनात मागे वाढवायची, उगमबिंदूकडे गेली तर ती वर्षावातली, नाहीतर भटकी. कागदाकडे बघण्यात उल्का निसटतात, त्यामुळे आवाज रेकॉर्ड करणं सोयीचं.

परत निघताना

दिवसा सूर्यडाग दाखवायचे ठरवलंत तर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्याआधी लावलेला असला पाहिजे. आयपीसला लावायचे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात आणि डोळा कायमचा जातो, ते फेकून द्यावेत. शोधकाचं तोंडही झाकायचं, आणि दुर्बिणीपाशी सतत एक जबाबदार माणूस उभा हवा.

रात्र संपली की ओली दुर्बीण टोपण लावून पेटीत भरू नका. आतला ओलावा कोंडला की भिंगांवर बुरशी धरते, आणि ती लेप खाऊन टाकते. प्रवासापुरतं झाका, घरी पोचल्यावर टोपणं काढून नळीचं तोंड खाली करून कोरड्या खोलीत ठेवा. नोंदवहीतले अर्धवट आकडे झोपण्याआधी पूर्ण करा. टोपणं सकाळी.